डच शहरचित्रांतलं पाणी कसं वाचायचं

ॲमस्टरडॅमचा एक छापा आहे, १६११ सालचा, क्लास यान्सझोन व्हिसरने केलेला. तांब्याच्या चार प्लेट्सवरून काढलेले चार कागद शेजारी शेजारी चिकटवले की मीटरभराहून लांब पट्टी होते. त्या लांबीभर शहर एका ओळीत उभं आहे: मनोरे, गोदामं, डोलकाठ्यांचं रान. शहर आणि बघणारा यांच्यामध्ये पाणी. अलीकडे मधोमध मुकुट घातलेली एक स्त्री बसली आहे आणि माणसं तिच्यापुढे माल घेऊन येताहेत. डच शहरचित्रांचा अभ्यास सुरू करणाऱ्याला हा छापा कधी ना कधी समोर येतोच, आणि बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. बाई दिसली की प्रतीक सापडलं असं समजून वहीत ‘समृद्धी’, ‘सागरी सत्ता’ असं लिहून मोकळे होतात. छाप्याचा निम्मा भाग ज्याने व्यापलाय ते पाणी राहूनच जातं.

कलेतिहासात एमए करणारे, प्रिंटमेकिंगकडून इतिहासाकडे वळलेले, किंवा संग्रहालयात सूची करण्याचं काम नव्याने हाती घेतलेले, अशांसाठी हे टिपण आहे. एक गोष्ट आधीच पक्की करून ठेवा: या छाप्यांत पाण्याला ठरलेला असा एक अर्थ नाही. शहर पाण्याच्या कोणत्या बाजूने दाखवलंय, पाण्यावर काय तरंगतंय, खाली कोणता मजकूर छापलाय आणि प्लेट किती झिजलीय, यांवरून तो ठरतो. शेवटचं कारण किरकोळ वाटेल, पण सर्वांत जास्त लोक तिथेच फसतात. म्हणून सुरुवात तिथून.

आधी तांबं

तांब्याच्या प्लेटवर रेषा दोन रीतींनी येते. बुरिन हे पोलादी हत्यार तळहातात धरून पुढे ढकललं की तांब्याची बारीक सळी निघते. अशी रेषा सुरुवातीला बारीक, मध्ये फुगलेली आणि शेवटी पुन्हा टोकदार असते. एचिंगमध्ये प्लेटला मेणाचा लेप देतात, सुईने तो खरवडून चित्र काढतात आणि प्लेट आम्लात सोडतात. तिथे एका रेषेची जाडी साधारण सारखी राहते आणि टोक बोथट असतं. हे ओळखायला दहा पटींचं भिंग पुरतं. सतराव्या शतकातल्या कितीतरी छाप्यांत दोन्ही रीती एकाच प्लेटवर असतात: शहर आणि पाणी एचिंगने, मग गडद जागा बुरिनने पक्क्या केलेल्या.

पाणी म्हणजे आडव्या तुटक रेषा. जवळच्या काठाशी त्या जाड आणि सुट्या असतात, दूर जाताना बारीक आणि दाट होतात, आणि शहराच्या पायथ्याशी कित्येकदा नुसता कोरा कागद राहतो. जहाजाखालचं प्रतिबिंब उभ्या नागमोडी रेघोट्यांनी दाखवतात. एचिंगमध्ये ही जवळ-दूरची गंमत आम्लाच्या वेळेवर चालते. दूरच्या रेषा काही मिनिटांतच वॉर्निशने झाकून टाकतात आणि जवळच्या रेषांना त्याच्या तिप्पट-चौपट वेळ देतात.

म्हणजे दूरचं पाणी ही प्लेटवरची सर्वांत उथळ जागा झाली. ढगांचंही तेच. प्रत्येक प्रतीसाठी प्लेटला शाई भरायची, ती पुसायची आणि रुळाच्या दाबाखालून प्लेट काढायची. हे शेकडो वेळा झालं की उथळ रेषा आधी फिक्या पडतात आणि मग नाहीशाच होतात. मनोरे आणि जहाजांची अंगं खोल कोरलेली असतात, ती टिकतात. त्यामुळे उशिरा काढलेल्या प्रतीत शहर शुभ्र, निश्चल पाण्यावर तरंगताना दिसतं. नवखा अभ्यासक त्यावर ‘शांततेचं प्रतीक’ म्हणून दोन पानं लिहितो, १६०९ ते १६२१ च्या, स्पेनशी झालेल्या बारा वर्षांच्या युद्धविरामाशी त्याची सांगड घालतो, आणि मग दुसऱ्या संग्रहातली आधीची प्रत निघते तर तिच्यात पाण्यावर चांगल्या लाटा असतात. तेव्हा एका प्रतीवरून पाण्याविषयी काहीही लिहायचं नाही. किमान तीन प्रती समोर ठेवा. कोणती आधीची हे कळण्यासाठी पाण्याचा नाही, तर जहाजाच्या दोरखंडांचा भाग भिंगाखाली घ्या. तिथे रेषा सलग असतील तर प्रत ताज्या प्लेटची, ठिपक्याठिपक्यांची झाली असेल तर दमलेल्या प्लेटची.

मापांतही असाच एक खड्डा आहे. छापताना कागद ओला असतो, वाळला की आक्रसतो. एकाच प्लेटच्या दोन प्रतींत प्लेटच्या खुणेचं (दाबाने कागदावर उमटलेल्या प्लेटच्या कडेचं) माप काही मिलिमीटरने वेगळं येतं, आणि लांब पट्टीत हा फरक चार कागदांवर साठत जातो. मापं जुळली नाहीत म्हणून ‘ही दुसरी प्लेट’ असं ठरवू नका. प्लेटवरचे ओरखडे जुळतात का ते पाहा.

रंगवलेल्या प्रती मिळाल्या तर आणखी सावध व्हा. छाप्यात रंग भरणारे कारागीर वेगळे असत आणि एखादी प्रत शंभर-दोनशे वर्षांनीही रंगवली जाई. पाण्यातली हिरवी छटा तांब्याच्या जंगापासून केलेल्या रंगाची असेल तर ती कागद खाते. प्रत उलटून पाहिली की मागच्या बाजूला नेमक्या पाण्याच्या आकाराचा तपकिरी डाग उमटलेला दिसतो. निळं-हिरवं पाणी पाहून चित्रकाराच्या मनातल्या समुद्राविषयी लिहिण्याआधी तो डाग बघितलेला बरा.

हे सगळं वाचून कळतं, पण मुरतं ते हाताने केल्यावर. प्रिंटमेकिंगच्या कुठल्याही वर्गात १० बाय १५ सेंटिमीटरची एक प्लेट घ्या आणि तिच्यावर फक्त पाणी काढा, दुसरं काही नको. आडवी रेषा हात न कापता सलग ओढणं किती अवघड आहे आणि जुने लोक ती मध्येच का तोडत, हे तासाभरात समजतं.

छाप्यावरची अक्षरं

खालच्या कडेला नावं असतात आणि नावांपुढे लॅटिन क्रियापदं. ‘इन्व्हेनिट’ म्हणजे रचना याची, ‘स्कुल्प्सिट’ म्हणजे कोरलं याने, ‘फेसिट’ म्हणजे केलं याने, आणि ‘एक्सकुडिट’ म्हणजे प्रकाशित केलं याने. अर्थाच्या दृष्टीने शेवटचा माणूस बहुधा सर्वांत महत्त्वाचा असतो आणि अभ्यासात सर्वांत दुर्लक्षित. प्लेट ही विकायची, वारसाहक्काने जायची मालमत्ता होती. नवा मालक जुनं नाव घासून आपलं टाके, कधी साल बदले, कधी नवा मनोरा वाढवून शहर ‘अद्ययावत’ करे. प्लेटच्या अशा प्रत्येक बदललेल्या अवस्थेला स्टेट म्हणतात. तुम्ही पाहताय ती प्रत कोणत्या स्टेटची, हे होल्स्टाइनच्या सूचीत (डच छाप्यांची अनेक खंडांची संदर्भसूची) शोधून टिपणाच्या पहिल्याच ओळीत लिहा.

व्हिसर स्वतः प्रकाशकही होता. त्याचं दुकान ॲमस्टरडॅमच्या काल्व्हरस्ट्राटवर, पाटीवर मच्छीमार. आडनावाचा अर्थच कोळी. त्यामुळे त्याच्या छाप्यातल्या कोपऱ्यात मासे धरणारा माणूस दिसला की लगेच ख्रिस्ताच्या शिष्यांपर्यंत पोचू नका. ती दुकानाची खूण असू शकते.

लांब पट्टीच्या छाप्यांखाली पुष्कळदा वेगळ्या कागदावर, शिशाच्या खिळ्यांनी छापलेला मजकूर चिकटवलेला असे: शहराचं वर्णन, स्तुती, कधी कविता. भिंतीवर लावताना किंवा संग्रहाच्या वहीत बसवताना लोकांनी तो कापून टाकला. म्हणजे पाण्याचा अर्थ जिथे शब्दांत सांगितला होता तोच भाग हरवला. खालची कड प्लेटच्या खुणेला अगदी लागून कापलेली दिसली तर ‘मजकूर नाही’ असं लिहू नका. ‘या प्रतीत मजकूर उरलेला नाही’ असं लिहा.

शोधताना एक अडचण हमखास येते. ॲमस्टरडॅमसमोरच्या पाण्याचं नाव ‘ऐ’च्या जवळपास उच्चारतात. आज ते रोमन आय आणि जे ही दोन अक्षरं जोडून लिहितात, पण जुन्या छाप्यांत नुसता रोमन वाय असतो. दोन्ही रूपांनी शोधलं नाही तर निम्मं साहित्य हाती लागत नाही. ‘नार हेट लेव्हन’, म्हणजे ‘प्रत्यक्ष पाहून’, हे शब्दही वारंवार भेटतील. रेनियर नोम्स ऊर्फ झेमान याने १६५०च्या दशकात जहाजांच्या आणि ॲमस्टरडॅमच्या दृश्यांच्या मालिका काढल्या, त्यांच्या शीर्षकातही ते आहेत. ती विक्रीची भाषा आहे. नोम्सच्या बाबतीत ती बरीचशी खरी आहे. त्याला जहाजातली प्रत्येक दोरी माहीत होती, आणि ‘झेमान’ म्हणजे खलाशीच.

शहर कुठून पाहिलंय

कॉर्नेलिस आन्थोनिसने १५४४ मध्ये बारा लाकडी ठोकळ्यांवर ॲमस्टरडॅमचं पक्ष्याच्या नजरेतून दिसणारं दृश्य छापलं. बाल्थासार फ्लोरिसने १६२५ मध्ये नऊ कागदांवर काढलं. दोघांनीही उत्तर खाली ठेवली आहे. नकाशाची सवय असलेल्या डोळ्याला हे उलटं वाटतं. पण उत्तरेला पाणी आहे, तिथून जहाज येतं, आणि शहराचा दर्शनी चेहरा तोच. जमिनीच्या बाजूने पाहिलं असतं तर तटबंदी आणि ओलं कुरण दिसलं असतं. शहर आलेल्या जहाजाच्या डेकवरून पाहायचं, ही निवड हाच या छाप्यांतला सर्वांत ठाम अर्थ आहे, आणि तो सिद्ध करायला बाई, देव, कविता काही लागत नाही.

म्हणूनच याच्या उलट केलेल्या निवडी टिपून ठेवाव्यात. रेम्ब्रांटने १६४० च्या सुमारास केलेलं ॲमस्टरडॅमचं एचिंग जेमतेम ११२ बाय १५३ मिलिमीटरचं आहे, तळहाताएवढं. तो शहराच्या पूर्वेला, कादाइक नावाच्या बांधाच्या बाजूला उभा आहे. समोर गवत, लव्हाळं, ओल. शहर म्हणजे क्षितिजावरची बारीक पट्टी. नगरकन्या (शहराचं रूप म्हणून काढलेली स्त्री) नाही, आरमार नाही. शिवाय सगळं उलटं आहे. प्लेटवर जसं दिसलं तसं काढलं की छापताना डावं-उजवं बदलतं. नकाशे आणि विक्रीच्या शहरपट्ट्या करणारे चित्र आधी उलटं करून घेत, रेम्ब्रांट तसल्या भानगडीत पडला नाही. या छाप्यात बंदराकडचा हारिंगपाकर्स मनोरा डावीकडे येतो आणि झाउडरकेर्क हे चर्च उजवीकडे. त्या जागेवर उभं राहून पाहिलं असतं तर बंदराची बाजू उजवीकडे यायला हवी. ही तपासणी न करता ‘डावीकडे पाणी, उजवीकडे धर्म’ अशी मांडणी केली तर परीक्षक पहिल्याच प्रश्नात गाठतो.

मनोऱ्यांची साधी यादी जवळ ठेवली की कालनिर्णयही होतो. औडेकेर्कचा कळस १५६० च्या दशकातला, मॉन्टेलबान्स मनोऱ्याचा वरचा भाग १६०६ चा, झाउडरकेर्कचा मनोरा १६१४ चा, वेस्टरकेर्कचा १६३८ चा. वेस्टरकेर्कचा मनोरा दिसतोय आणि छाप्यावर साल १६२० आहे, तर एक तर साल जुन्या स्टेटमधून तसंच राहिलंय किंवा मनोरा मागून घातलाय. मात्र हे उलट्या बाजूनेही फसवतं. प्रकाशक ठरलेल्या पण अजून न झालेल्या इमारती उत्साहाने काढत. नियूवेकेर्कचा मोठा मनोरा कधीच पुरा झाला नाही. एखाद्या छाप्यात तो डौलाने उभा दिसला तर तो शहराच्या इच्छेचा भाग समजा.

जहाजं खोटं बोलतात

पाण्यावरचं सर्वांत मोठं विधान जहाजांचं असतं, आणि ते पकडायला थोडं जलवाहतुकीचं ज्ञान लागतं. ‘ऐ’च्या तोंडाशी पाम्पस नावाची उथळ जागा होती. मालाने भरलेलं मोठं जहाज तिथून पार होत नसे. डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं टेसेल बेटापाशी नांगर टाकत आणि माल लहान होड्यांतून शहरात येई. जहाज दोन बाजूंनी उचलून धरणारे ‘उंट’ म्हणजे लाकडी तराफे १६९० मध्ये आले. म्हणजे त्याआधीच्या छाप्यात तीन डोलकाठ्यांचं, मालाने खाली बसलेलं, सगळी शिडं उभारलेलं पूर्वेचं जहाज थेट शहरासमोर चाललेलं दिसलं, तर ते बातमी देत नाही, बढाई मारतंय. प्रतीक शोधायचं तर ते अशा जागी शोधावं: वस्तुस्थिती आणि चित्र जिथे एकमेकांना सोडतात तिथे.

खरीखुरी गर्दी लहान होड्यांची असायची. किनाऱ्याजवळ चालणाऱ्या चपट्या तळाच्या होड्या, माल उतरवणारे पडाव, आणि बाल्टिकमधलं धान्य आणि लाकूड आणणारं ‘फ्लाउट’ हे फुगीर पोटाचं, वर अरुंद होत जाणारं जहाज. फ्लाउट १५९५ च्या सुमारास होर्नला बांधलं जाऊ लागलं. ॲमस्टरडॅमचा खरा पैसा मसाल्याइतकाच या कंटाळवाण्या धान्यवाहतुकीवर उभा होता. छाप्यात पुढे कोणतं जहाज ठेवलंय आणि मागे कोणतं, हे मोजा. अक्षरशः मोजा आणि तक्ता करा. सोबत प्रत्येक ध्वज कोणत्या दिशेला फडकतोय ते लिहा. एकाच छाप्यात अर्धे ध्वज पूर्वेला आणि अर्धे पश्चिमेला असतील तर जहाजं वेगवेगळ्या रेखाटनांवरून उचलून पेरलेली आहेत.

बंदरापुढे पाण्यात लाकडी खांबांच्या रांगा दिसतील. बरेच जण त्यांना मासेमारीचं काहीतरी समजतात. ते बंदराचं कुंपण होतं. त्यातल्या फटी रात्री आडव्या ओंडक्यांनी बंद करत. पाण्यालाही वेस होती.

बाई, देव आणि ढाली

नगरकन्येला डच भाषेत स्टेडनमाख्त म्हणतात. ॲमस्टरडॅमची असेल तर तिच्या जवळच्या ढालीवर एकाखाली एक तीन फुल्या असतात आणि वर सम्राटाचा मुकुट. मुकुटाचा हक्क मॅक्सिमिलियनने १४८९ मध्ये दिला. हातात किंवा शेजारी जुन्या धाटणीचं गोल पोटाचं जहाज असेल तर ते शहराच्या मध्ययुगीन मोहरेवरून आलंय. त्या तीन फुल्या म्हणजे पूर, आग आणि प्लेग, असं शहर दाखवणारे गाइड रंगवून सांगतात. त्याला कागदोपत्री आधार नाही. ‘पाण्याचं भय शहराच्या चिन्हातच कोरलंय’ हे वाक्य कितीही मोहक वाटलं तरी प्रबंधात घालू नका.

जिथे पाणी खरोखर चिन्हात आहे ती शहरं वेगळी. डेल्फ्टच्या चांदीच्या ढालीवरचा काळा उभा पट्टा म्हणजे शहरातला कालवा, आणि शहराचं नावच खणण्यावरून पडलंय. एंकहाउझनच्या ढालीवर तीन हेरिंग मासे. झीलंड प्रांताचा सिंह कमरेपर्यंत लाटांत उभा असतो आणि खाली लॅटिन बोधवाक्य: झगडतो आणि वर येतो.

देव ओळखणं सोपं आहे. त्रिशूळवाला नेपच्यून, शंख फुंकणारे मत्स्यदेही ट्रायटन, पंखांची टोपी आणि सापांचा दंड घेतलेला मर्क्युरी म्हणजे व्यापार. कलंडलेल्या घटावर रेलून बसलेला दाढीवाला म्हणजे नदी. ॲमस्टरडॅमच्या चित्रांत असे दोघे जोडीने आले तर बहुधा आम्स्टेल आणि ‘ऐ’. नेपच्यून आणि मर्क्युरी यांना शहरचित्रात एकत्र बसवण्याची रीत जुनी आहे. याकोपो दे बार्बारीच्या १५०० सालच्या व्हेनिसच्या मोठ्या छाप्यात दोघेही आहेत. हॉलंडमधल्या या भाषेची किल्ली मात्र एका इमारतीत सापडते. दाम चौकातली नगरसभा याकोब व्हान काम्पनच्या आराखड्यावर १६४८ पासून बांधली गेली आणि १६५५ मध्ये तिचं उद्घाटन झालं. दलदलीत ठोकलेल्या १३,६५९ खांबांवर ती उभी आहे. (वर्षाच्या ३६५ दिवसांच्या पुढे १ आणि मागे ९, असा हा आकडा डच मुलं लक्षात ठेवतात.) तिच्या पुढच्या त्रिकोणी माथ्यावर शिल्पकार आर्टुस क्वेलिनुसने नगरकन्येभोवती समुद्रातले देव जमवले, मागच्या माथ्यावर चार खंड तिला नजराणे देताना दाखवले. आर्टुसचा भाऊ ह्युबर्टुस याने या शिल्पांचे छापे काढले. ते आधी नीट पाहून ठेवा, म्हणजे शहरचित्रांच्या कोपऱ्यातले निम्मे देव आपोआप ओळखीचे होतात. शिवाय त्या छाप्यांवर साल आहे, त्यामुळे कुणाचं कुणी उचललं हेही ठरवता येतं.

तेच पाणी, निराळं काम

नवख्यांच्या टिपणात पाणी नेहमी एकाच भूमिकेत असतं: व्यापाराचा राजमार्ग. तीन-चार छापे शेजारी ठेवले की हे सुटतं. १५७४ मध्ये स्पॅनिश वेढ्यातलं लायडन सोडवायला डचांनी आपलेच बांध फोडले, शेतांत पाणी सोडलं आणि चपट्या होड्या कुरणांवरून तटापर्यंत नेल्या. त्या छाप्यांत पाणी सैनिक आहे. १६७२ मध्ये फ्रेंच फौजा आल्या तेव्हा पुन्हा जमीन बुडवून शहरं वाचवली. रोमेन डे होखने त्या वर्षाचे छापे काढले आहेत.

५ मार्च १६५१ ला ॲमस्टरडॅमच्या पूर्वेचा सेंट अँथनी बांध फुटला. विलेम स्केलिंक्सच्या रेखाटनावरून पीटर नोल्पने त्याचा छापा कोरला. इथे पाणी शत्रू आहे, पण चित्रात बघ्यांकडेही लक्ष द्या. बांध फुटलेला पाहायला शहरातून माणसं आली आहेत. हा बातमीचा छापा आहे. त्यात देवाचा कोप वाचायचा की नाही, हे त्याच्यासोबतच्या मजकुरावर सोडा.

आणि १६९० चं यान व्हान डर हेडनचं आगीच्या पंपांवरचं पुस्तक. हा स्वतः शहरदृश्यांचा नावाजलेला चित्रकार. भावासोबत त्याने चामड्याच्या नळीचा पंप तयार केला आणि पुस्तकातल्या छाप्यांत जुनी बादल्यांची रीत आणि नवी नळीची रीत, दोन्ही दाखवल्या. कालवा इथे ना मार्ग ना शत्रू, घरासमोरचा हौद आहे. पाणी, विटा, धूर आणि माणसांची धावपळ यांचं इतकं नेमकं निरीक्षण प्रतीकांच्या शोधात निघालेले लोक सहसा उघडतच नाहीत, हे नुकसान त्यांचं.

अर्थ किती काढायचा

डच कलेत दडलेला बोध असतो की नाही, यावर विसाव्या शतकात मोठा वाद झाला. एडी डी यॉंग आणि त्यांच्या वळणाचे अभ्यासक बोधचित्रांच्या (चित्र आणि त्याखाली शिकवण देणारा मजकूर) पुस्तकांतून चित्रांचे अर्थ उलगडत. १९८३ मध्ये स्वेतलाना आल्पर्स यांनी म्हटलं की ही पाहण्याची, मोजण्याची, नकाशे काढण्याची संस्कृती आहे, प्रत्येक वस्तूमागे प्रवचन शोधू नका. शहरचित्रांपुरतं आमचं मत आल्पर्स यांच्याकडे झुकतं, पण पूर्ण नाही. रुमर व्हिसरच्या १६१४ च्या बोधचित्रसंग्रहातल्या प्लेट्स आपल्या क्लास व्हिसरनेच कोरल्या आहेत (दोघांचं नातं नव्हतं). पाणी उपसणारी पवनचक्की किंवा बांध यांना बोधाचा अर्थ देणारा आणि शहराची पट्टी कोरणारा हात एकच होता. म्हणून कामाचा नियम असा: शहरचित्रातल्या वस्तूला बोधाचा अर्थ तेव्हाच द्या, जेव्हा त्याच छाप्यावरचा मजकूर, मुकुट-ढाल किंवा देव त्याला दुजोरा देतो. नुसता कालवा, नुसती होडी, नुसती बदकं यांना सोडून द्या.

कुठे पाहायचं, कसं टिपायचं

घरबसल्या सुरुवात करायची तर ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर. मोठ्या आकाराच्या प्रतिमा फुकट उतरवता येतात आणि मुद्रणासाठी वापरताही येतात. ॲमस्टरडॅमच्या नगर अभिलेखागाराची चित्रपेढी, रॉटरडॅमचा आटलास व्हान स्टोल्क हा इतिहासविषयक छाप्यांचा संग्रह आणि लायडन विद्यापीठातला बोडेल नाइनहाउस संग्रह, हे पुढचे थांबे. विषयाने शोधण्यासाठी आयकॉनक्लास ही आकडे-अक्षरांची पद्धत शिका. तिची सुरुवात लायडनच्या हेन्री व्हान डे वाल यांनी केली. शहरदृश्यासाठी २५-आय-१, पाण्याच्या दृश्यांसाठी २५-एच-२, शिडाच्या जहाजासाठी ४६-सी-२४. अक्षरं रोमन, मध्ये रेघ न देता टाइप करायची. सूचीकरणाच्या नोकरीत हे रोज लागतं, आणि मुलाखतीला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना येतं.

भाषेचं म्हणाल तर बोलता येण्याइतकी डच सुरुवातीला लागत नाही. सतराव्या शतकातलं लेखन मात्र वाचता आलं पाहिजे, तेही गॉथिक अक्षरांत. जुन्या शब्दांसाठी डच भाषेचा मोठा ऐतिहासिक शब्दकोश जालावर खुला आहे.

अभ्यासिकेत प्रत्यक्ष छापा पाहायचा तर वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. सोबत शिसपेन्सिल, भिंग, मऊ मोजपट्टी. पेन आत नेऊ देत नाहीत. कागद उजेडासमोर धरता आला तर कागद बनवताना त्यात उमटलेल्या जाळीच्या उभ्या रेषांमधलं अंतर आणि जलचिन्ह टिपा. विदूषकाची टोपी, शहराची ढाल, कमळासारखं लिलीचं फूल ही जलचिन्हं नेहमी भेटतात. एका छाप्याला पहिल्या वेळी चार-पाच बैठका द्या. पहिल्या बैठकीत ‘प्रतीक’ हा शब्द वहीत यायला नको.

सरावासाठी मराठी वाचकाच्या जवळचा एक छापा आहे. यान हाउखन व्हान लिन्सखोटन १५८३ पासून पाच वर्षं गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. त्याचा प्रवासग्रंथ कॉर्नेलिस क्लासने १५९६ मध्ये ॲमस्टरडॅमला प्रसिद्ध केला आणि त्यात गोवा शहराचा मोठा घडीचा आराखडा आहे, बाप्टिस्टा व्हान डोटेकुमने १५९५ मध्ये कोरलेला. पाहिलं एकाने, कोरलं हॉलंडमध्ये बसून दुसऱ्याने, शीर्षक पोर्तुगीज, गिऱ्हाईक डच. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर अँटवर्प, ॲमस्टरडॅम, मिडलबर्ग आणि एंकहाउझन ही चार बंदरशहरं कोपऱ्यांत बसवलेली आहेत. मुखपृष्ठ आणि आराखडा शेजारी उघडा. मांडवीचं पाणी कोणत्या बाजूला ठेवलंय, नदीतल्या होड्यांत स्थानिक बांधणीच्या किती आणि युरोपी किती, ध्वज कुणाचे, वारा कुठला, पाण्याच्या रेषा बुरिनच्या की सुईच्या, हे सगळं टिपून घ्या. मग गोव्याचं पाणी आणि ॲमस्टरडॅमचं पाणी एकाच पद्धतीच्या रेषांनी काढलंय का, ते भिंगाने पाहा.